पुस्तकांसाठी बांधलेलं घर

पीएल सुरू झाली की आपल्या हॉस्टेलवर जागेचा प्रश्न उभा राहतो. एका खोलीत तिघं. त्यातला एक मोठ्यानं वाचणारा, दुसरा अकरालाच दिवा मालवा म्हणून मागे लागणारा, आणि तिसरा पाच मिनिटं म्हणून मोबाईल घेऊन आडवा झालेला. मग पाण्याची बाटली आणि झेरॉक्सचा गठ्ठा काखोटीला मारून पोरं जिना, गच्ची, मेसची टेबलं अशी जागा शोधत फिरतात. मी स्वतः एम-थ्री मेसमध्ये कांद्याच्या पोत्याला टेकून केलंय. (सुटलो, हे सांगायला हवं.)

हे आठवायचं कारण म्हणजे यंदा आपल्या ग्रंथालयाचा नवा आराखडा नोटीस बोर्डावर लागला. जुनी लोखंडी कपाटं मागच्या खोलीत, पुढे काचेची पार्टिशनं, कॉम्प्युटरचा कोपरा, दारापाशी सोफे. सिव्हिलच्या पोरांनी तिथल्या तिथे पट्टी लावून मोजायला सुरुवात केली, की वाचायला बसायच्या खुर्च्या वाढल्या की घटल्या. कुणी म्हणालं, आता सगळं पीडीएफमध्ये आहे, कपाटं हवीतच कशाला? कुणी म्हणालं, एसी आला ना, मग गप्प बसा. त्या गोंधळात मला एका माणसाची आठवण झाली. त्यांची तसबीर प्रत्येक कचेरीत आहे, पुतळा प्रत्येक गावात आहे. पण अर्ध्या आयुष्यात त्यांना वाचायला धड जागा मिळाली नाही आणि शेवटी त्यांनी ती स्वतः प्लॅन काढून बांधली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. मित्रहो, ही गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आहे. संविधान, महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद हे सगळं आपण शाळेत वाचलेलं आहे. आज फक्त त्यांच्या बसायच्या जागा बघू.

१४ एप्रिल १८९१ ला महूच्या लष्करी छावणीत त्यांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातल्या शाळेत शिकवायचे. निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीला आणि मग साताऱ्याला आलं. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांची जागा ठरलेली होती. इतरांपासून वेगळी, आणि तीसुद्धा घरून आणलेल्या गोणपाटावर. शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. वर्गातली आपली जागा स्वतः पाठीवर वाहून नेणारा विद्यार्थी, असं चित्र डोळ्यांपुढे आणून बघा.

पुढे मंडळी मुंबईत परळला, गिरण्यांच्या वस्तीत, चाळीतल्या एका खोलीत राहायला आली. त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत झोप, तिथेच जातं आणि तिथेच बांधलेली शेळी. अभ्यास कुठे करणार? रामजींनी यावर एक तोडगा काढला. तो आजही हॉस्टेलवर चालतो, फक्त त्याचं श्रेय कुणी त्यांना देत नाही. मुलानं लवकर झोपायचं, वडिलांनी जागं राहायचं, आणि रात्री दोनला मुलाला उठवून आपण आडवं व्हायचं. खोली मोठी करता येत नव्हती, म्हणून त्यांनी तिचं टाइमटेबल केलं.

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये असताना दुपारनंतर ते चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसायचे. तिथेच विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी या मुलाला हेरलं. तेही त्या बागेत वाचायलाच यायचे. ओळख वाढली, पुस्तकं मिळू लागली. मॅट्रिक झाल्यावर केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं, आणि पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शिष्यवृत्तीसाठी शब्दही टाकला. एका बागेतल्या बाकावरून केवढी गोष्ट सुरू झाली! बागेत वाचायला बसायला ना तिकीट लागत होतं, ना जात सांगावी लागत होती.

१९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथलं ग्रंथालय तेव्हा लो लायब्ररी नावाच्या इमारतीत होतं. चार्ल्स मॅकिम या वास्तुविशारदानं आखलेली ही इमारत १८९७ मध्ये उघडली. समोर उंच खांब, वर मोठा घुमट आणि घुमटाखाली वाचन-दालन. साताऱ्याच्या गोणपाटावरून थेट त्या घुमटाखाली! तीन वर्षं त्यांनी अक्षरशः पिळून काढली. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, जे मिळेल ते वाचलं. जेवणाचे पैसे वाचवून जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून दोन हजारांच्या आसपास पुस्तकं घेतली.

इथे एक आडवळण घेतो, कारण ते आपल्या नोटीस बोर्डाशी जुळतं. लो लायब्ररी दिसायला इतकी देखणी होती की आजही कोलंबियाच्या पोस्टकार्डावर तीच असते. पण ग्रंथालय म्हणून ती चाळीस वर्षंसुद्धा पुरली नाही. मधला सगळा ऐवज घुमटानं खाल्लेला, आणि पुस्तकं वाढत गेली तशी जागा संपली. १९३४ मध्ये विद्यापीठानं समोरच नवी इमारत बांधून पुस्तकं तिकडे हलवली आणि लो मध्ये प्रशासनाच्या कचेऱ्या आल्या. दर्शनी भाग आधी आणि कपाटं नंतर, असा विचार झाला की काय होतं याचा हा जगप्रसिद्ध नमुना. सोफेवाल्यांनी नोंद घ्यावी.

१९१६ ला ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ ला अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. परतताना पुस्तकांचं सामान वेगळ्या जहाजानं पाठवलं होतं. महायुद्ध चालू होतं, जर्मन पाणबुडीनं ते जहाज बुडवलं. न्यूयॉर्कची पुस्तकं एका स्नेह्यावर सोपवली होती, त्यातलीही थोडीच हाती लागली. लंडनहून पाठवलेल्या सामानाची नुकसानभरपाई म्हणून सहाशे रुपये मिळाले आणि त्याच पैशांवर ते करारानुसार नोकरी करायला बडोद्याला गेले.

आता बडोद्याची गंमत बघा, अर्थात गंमत म्हणवत नाही. सयाजीरावांनी १९१० पासून अमेरिकेतून बॉर्डन नावाचे तज्ज्ञ ग्रंथपाल आणून आपल्या संस्थानात गावोगाव वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं होतं. हिंदुस्थानात ग्रंथालयांच्या बाबतीत सगळ्यांत पुढारलेलं हेच संस्थान. आणि तिथेच, महाराजांच्याच पैशांनी कोलंबियात शिकून आलेल्या माणसाला राहायला खोली मिळेना. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. वरच्या मजल्यावर मोडक्या सामानानं भरलेला मोठा अंधारा हॉल होता, त्यात वटवाघळं फिरायची, आणि उजेडाला मिणमिणता कंदील. कचेरीतून परत आल्यावर एकटेपणा विसरायला त्या कंदिलाशी वाचत बसायचं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली मंडळी दारात आली आणि ताबडतोब चालते व्हा म्हणाली. त्या दिवशी मुंबईची गाडी येईपर्यंत ते कमाठी बागेत बसून राहिले. लहानपणीही बाग, आणि दोन खंडांत शिकून आल्यावरही बागच.

मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, पैसे साठवून, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत घेऊन ते १९२० ला पुन्हा लंडनला गेले. अर्धा टाकलेला अभ्यास पुरा करायचा होता. या खेपेला त्यांचा मुक्काम म्हणजे ब्रिटिश म्युझियमचं वाचन-दालन. आपल्या ब्रँचच्या प्रत्येकानं या खोलीचा नकाशा एकदा तरी बघावा. सिडनी स्मर्क यांनी बांधलेली ही गोल खोली १८५७ साली उघडली. व्यास १४० फूट, लोखंडी फासळ्यांवर उभा घुमट. मधोमध कर्मचाऱ्यांचा गोल चौथरा, त्याभोवती वर्तुळात ग्रंथसूची, आणि तिथून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघणाऱ्या टेबलांच्या रांगा. मधल्या माणसाला प्रत्येक रांग दिसायची आणि वाचकाला सूचीपर्यंत सरळ जाता यायचं. टेबलांखाली पाय टेकायला गरम पाण्याची नळी होती आणि टेबलांमधूनच ताजी हवा सोडायची सोय होती. म्हणजे मेकॅनिकलवाल्यांचं एचव्हीएसी त्या माणसांनी टेबलातच बसवलं होतं. थंडीत पाय गारठले की डोकं चालत नाही, हे ज्याला ठाऊक होतं त्यानंच हे आखलं असणार. मूळ कल्पना पानिझ्झी या ग्रंथपालांची. इटलीतून राजकीय निर्वासित म्हणून आलेला हा माणूस. म्हणजे त्यालाही एकदा जागा शोधत फिरावं लागलंच होतं.

बाबासाहेब सकाळी दार उघडायच्या वेळेला तिथे हजर असायचे आणि संध्याकाळी बंद होईपर्यंत उठायचे नाहीत. दुपारचं जेवण बहुतेक बुडायचंच. घरमालकीण बेतानं वाढणारी, त्यामुळे रात्री खोलीवर भूक लागली की मुंबईहून आणलेले पापड भाजून खायचे आणि पुन्हा वाचायला बसायचं. म्युझियमशिवाय इंडिया ऑफिसचं ग्रंथालय, लंडन विद्यापीठाचं ग्रंथालय अशी त्यांची फेरी असे. १९२१ ला एम.एस्सी., पाठोपाठ बॅरिस्टर, आणि १९२३ ला रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी डी.एस्सी. या पदव्यांची यादी आपण पाठ करतो, पण प्रत्येक पदवीमागे कुठलं तरी टेबल आणि खुर्ची होती, ते मात्र विसरतो.

परत आल्यावर पुन्हा परळ. बी.आय.टी. चाळीत दोन छोट्या खोल्या, एकीत संसार, दुसरीत पुस्तकं. कचेरी दामोदर हॉलजवळ. वकिली, चळवळ, वर्तमानपत्र, सभा असं सगळं एकदम चालू होतं. १९२४ ला त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तेव्हा तिच्या उद्दिष्टांतच वसतिगृहं आणि वाचनालयं घातली होती. १९२५ ला सोलापुरात वसतिगृह सुरूही झालं. आधी राहायला जागा, मग वाचायला जागा. ज्याच्या घरात शेळी बांधलेली असते त्याला नुसती फी माफ करून भागत नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि मग राजगृह. वकिलीत थोडं स्थैर्य आल्यावर त्यांनी दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत जागा घेतली. १९३०च्या सुमाराला वास्तुशास्त्राची पुस्तकं जमवून त्यांनी त्यांचा अभ्यास सुरू केला आणि घराची रचना स्वतः ठरवली. काम सुरू असताना जाऊन बारकाईनं बघायचे. नाव दिलं राजगृह, प्राचीन मगधाची राजधानी आणि बुद्धांच्या वास्तव्यानं गाजलेलं नगर. तळमजल्यावर कुटुंबासाठी तीन-तीन खोल्यांची दोन बिऱ्हाडं, आणि वरचा मजला ग्रंथालय आणि कचेरीसाठी.

सिव्हिलच्या मित्रांनो, इथे जरा थांबा. आपल्या आयएस ८७५ मध्ये राहत्या खोलीसाठी लाइव्ह लोड धरतात दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन. ग्रंथालयाच्या स्टॅक रूमसाठी किमान ६, कपाटं उंच असतील तर त्याहून जास्त. हा कोड नंतरचा, पण पुस्तकांचं वजन तेव्हाही तेवढंच होतं. वरचा अख्खा मजला पुस्तकांना द्यायचा म्हणजे ते ओझं भिंती, तुळया आणि पाया या सगळ्यांनी पेलायला हवं. राहतं घर बांधून मग त्यात चार कपाटं लावणं वेगळं, आणि पुस्तकं कुठे राहणार हे आधी ठरवून उरलेल्या जागेत माणसं बसवणं वेगळं. आपल्याकडे पहिली रीत चालते. घरातही आणि कॉलेजातही.

१९३४ च्या सुमाराला सगळे राजगृहात राहायला आले. रमाबाईंना हे घर फार थोडं लाभलं. २७ मे १९३५ ला त्या याच घरात गेल्या. नवरा परदेशात शिकत असताना चाळीत ज्यांनी काटकसरीनं दिवस काढले, त्यांच्या वाट्याला स्वतःच्या घराचं जेमतेम एखादं वर्ष आलं. बाबासाहेबांच्या ग्रंथप्रेमाबद्दल आपण भरभरून बोलतो, तेव्हा त्या हिशेबात ही बाजूही धरली पाहिजे असं मला वाटतं.

वरच्या मजल्यावर मात्र पुस्तकं वाढतच गेली. बाबासाहेब तिथे रात्ररात्र बसायचे. पुस्तक बाहेर द्यायला ते नाखूष असत. ज्याची दोन हजारांची खरेदी अर्धी वाटेत हरवली आणि अर्धी समुद्रात गेली असावी, त्याचं हे वागणं मला तरी समजतं. पंडित मदनमोहन मालवीयांनी हा संग्रह बनारस हिंदू विद्यापीठासाठी मागितला होता असं त्यांचे चरित्रकार सांगतात, पण तो दिला नाही. हिंदू कॉलनीतच त्यांची चार मिनार नावाची दुसरी इमारत होती. १९४१ ला ती विकली. देणी भागवायला आणि पुस्तकांसाठी. घर बांधून लोक पुस्तकं घेतात. इथे एक घर पुस्तकांपायीच विकलं गेलं.

१९४२ ते ४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. या काळात दामोदर खोऱ्याची योजना आणि देशाची वीज-पाण्याची आखणी यांत त्यांचा किती वाटा होता, हा इलेक्ट्रिकल आणि सिव्हिलवाल्यांसाठी वेगळ्या लेखाचा विषय आहे. आपण पुस्तकांच्या मागे जाऊ.

१९४५ च्या जुलैमध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. सुरुवात लष्कराच्या बराकींत झाली. पुढे फोर्टमध्ये इमारती घेतल्या, त्यांना बुद्ध भवन आणि आनंद भवन अशी नावं दिली. वर्ग सकाळचे ठेवले, म्हणजे नोकरी करणारा मुलगा आधी कॉलेज करून मग कामावर जाईल. रामजींनी एका खोलीचं टाइमटेबल केलं होतं, मुलानं अख्ख्या कॉलेजचं केलं. आणि कॉलेजला मिळालं काय? राजगृहात ज्या पुस्तकांना कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे, त्यातली बरीच पुस्तकं या कॉलेजच्या ग्रंथालयात आली. मला त्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यांत मोठा बदल वाटतो. एका माणसासाठी बांधलेली खोली त्यांनी उघडली, तीही अशा पोरांसाठी ज्यांच्या घरी एक खोली, एक जातं आणि दहा माणसं असणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मराठवाड्यात तेव्हा उच्च शिक्षणाची सोय अगदी तोकडी होती. १९५० ला त्यांनी औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. त्या परिसराचं नाव नागसेनवन. तोवर तब्येत खालावली होती, मधुमेहानं पाय दुखायचे, तरी बांधकाम बघायला ते स्वतः जायचे. राजगृहाच्या वेळी शिकलेलं वास्तुशास्त्र इथे उपयोगी पडलं. मिलिंद आणि नागसेन, राजा प्रश्न विचारतो आणि भिक्खू उत्तर देतो. कॉलेजला नाव प्रश्न विचारणाऱ्याचं दिलं, हे मला फार आवडतं.

दिल्लीत अलीपूर रोडवरच्या २६ नंबरच्या बंगल्यात ६ डिसेंबर १९५६ ला झोपेतच त्यांचं निधन झालं. आदल्या रात्रीपर्यंत ते बुद्ध आणि धम्मावरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेवर काम करत होते. पार्थिव विमानानं मुंबईत आणलं, ते राजगृहात. दुसऱ्या दिवशी तिथूनच अंत्ययात्रा दादरच्या चौपाटीकडे निघाली.

मागच्या महिन्यात एका रविवारी आम्ही चौघं हार्बरनं कुर्ला, तिथून गाडी बदलून दादरला उतरलो. हिंदू कॉलनीच्या गल्ल्या झाडांनी गर्द आहेत, आवाज कमी. राजगृहाच्या तळमजल्यावर संग्रहालय आहे. चप्पल बाहेर काढून आत गेलो. बरोबरचा सिव्हिलवाला वस्तू बघायचं सोडून भिंतीची जाडी न्याहाळत होता आणि वरच्या स्लॅबकडे मान वर करून उभा होता. एवढं लांब जमत नसेल तर आपल्या ऐरोलीत सेक्टर १५ मध्ये महापालिकेनं उभारलेलं बाबासाहेबांचं स्मारक आहे, त्यातही ग्रंथालय आहे. हॉस्टेलवरून रविवारी सकाळी निघालात तर जेवायला परत येता.

परत आल्यावर आम्ही नोटीस बोर्डावरचा आराखडा पुन्हा मोजला. सोफ्यांच्या जागेत दोन रांगा टेबलं बसतात, म्हणजे अठ्ठावीस खुर्च्या. खिडक्या उत्तरेला आहेत, दिवसा दिवे लागणार नाहीत. पीएलच्या दिवसांत वाचन-दालन रात्री दोनपर्यंत उघडं ठेवलं तर रखवालदाराची एक पाळी वाढेल, तिचा खर्चही काढला. ट्रेसिंग पेपरवर नवा प्लॅन काढून, हॉस्टेलच्या एकशे बारा जणांच्या सह्या घेऊन तो ग्रंथपाल मॅडमकडे दिलाय. त्यांनी चष्मा लावून पूर्ण बघितला आणि एकच विचारलं, की दारापासून काउंटरपर्यंत ट्रॉली वळेल का? ते मात्र आम्ही मोजलं नव्हतं. सोमवारी टेप घेऊन जाणार आहोत.